फाईलसोबत आलेली गाडी

टाचणीरावांनी जुनी गाडी घेतली असं कॉलनीत सगळे म्हणतात, पण ते खरं नाही. टाचणीरावांनी फाईल घेतली. गाडी फाईलसोबत आली. हा फरक ज्यांना कळला नाही त्यांनी पुढे तीन महिने त्यांचं डोकं खाल्लं, म्हणून तो आधीच सांगून टाकलेला बरा.

टाचणीराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जिथे जुने सरकारी कागद ठेवतात त्या अभिलेख कक्षात ते सव्वीस वर्षांपासून नोकरीला होते, आणि त्यांच्या शर्टाच्या कॉलरमागे कायम पाच-सहा टाचण्या खोचलेल्या असत. शर्ट धुवायला टाकताना बायकोच्या बोटात टाचणी घुसली नाही असा आठवडा जात नसे. त्यांच्या हाताखालून गेलेला कागद कधी हरवला नव्हता. साहेब बदलले, छत गळलं, एकदा तर उंदरांनी महसुलाचा अख्खा रॅक कुरतडला, पण टाचणीरावांनी उरलेल्या तुकड्यांचीसुद्धा यादी करून ठेवली होती. वाहन चालवण्याचा परवाना त्यांच्याकडे तीस वर्षं होता. मुदत संपायच्या महिनाभर आधी ते त्याचं न चुकता नूतनीकरण करून घेत. गाडी मात्र परीक्षेच्या दिवसानंतर त्यांनी चालवली नव्हती.

तर झालं असं, की एका रविवारी त्यांची धाकटी बहीण नवऱ्यासह जेवायला आली. हे जावईबापू एका कंपनीत विक्रीचं काम बघतात आणि घरीदारीही थोडी विक्री चालूच ठेवतात. त्यांच्याकडे नवी, उंच, काळी गाडी आहे. ती बोलते. पट्टा लावा म्हणते, दार उघडं आहे म्हणते. जिन्यात शिरताना जावईबापू पाठीमागे न बघता किल्ली दाबतात, गाडी दोनदा डोळे मिचकावते, आणि मग ते बघतात की कोणी बघितलं का.

जेवताना आईने आक्काचा विषय काढला. आक्का म्हणजे आईची थोरली बहीण. साठ किलोमीटरवर राहते आणि तीन महिन्यांनी तिला ऐंशी पूर्ण होणार होती. दोघींची भेट होऊन चार वर्षं झाली होती, कारण आईचे गुडघे बसची पायरी चढेनात आणि आक्काचे गुडघे घराची पायरी उतरेनात. रोज संध्याकाळी पाच वाजता दोघी फोनवर भांडत, तेवढीच काय ती भेट.

"भांडायला माणूस समोर लागतं," आई म्हणाली. "फोनवर हरायला लागली की ती ठेवून देते. आता ऐंशीची होईल. किती दिवस फोनवर भागवायचं?"

"नेऊ की आपण, आई," जावईबापू म्हणाले. "त्यात काय एवढं. जमवू कधीतरी."

हे 'कधीतरी' मागच्या वर्षीही जेवणातच आलं होतं. आई म्हणाली, "हो हो, तुमची कामं असतात." हे ती इतकं समजूतदारपणे म्हणाली की टाचणीरावांचा घास घशात अडकला. आईचा समजूतदार आवाज त्यांना लहानपणापासून सहन होत नाही. रागावलेली आई परवडली.

"जावईबापूंनी त्रास घेऊ नये," ते पाणी पिऊन म्हणाले. "आक्काच्या वाढदिवसाला आईला मी नेणार. माझ्या गाडीतून."

मग बायकोने फक्त एवढंच विचारलं, "अहो, कुठल्या?"

"जी घेणार आहे तिच्यातून."

आईने एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी तिने निळी लोकर मागवली. आक्कासाठी मफलर विणते म्हणाली, आणि वर हेही म्हणाली की गाडी तयार झाली की विणणं थांबवायचं, तोवर चालू ठेवायचं. नुसतं हात जोडून वाट बघत बसणं तिच्या स्वभावात नाही.

जुनी गाडी घ्यायची आहे ही बातमी कॉलनीत पसरली आणि जो तो सल्ला घेऊन दारात उभा राहिला. माणसाला आजार झाला तर लोक एकदाच येऊन जातात, गाडी घ्यायची म्हटलं की रोज येतात. समोरच्या काकू म्हणाल्या, गाडी बघू नका, मालकाची चप्पल बघा, ज्याची चप्पल एका बाजूला झिजलेली त्याचा क्लच झिजलेला. खालच्या मजल्यावरचे कर्नल लोहचुंबकच घेऊन आले. हे कर्नल फौजेत कधी नव्हते. पाण्याचे मीटर वाचायचं काम करून निवृत्त झाले आहेत, मिशा तेवढ्या फौजी आहेत.

"ठोकलेल्या गाडीत पुट्टी भरतात," कर्नल म्हणाले. "वरून रंग मारला की कळत नाही. पण पुट्टीला चुंबक चिकटत नाही. हे बघा, असं फिरवायचं." आणि त्यांनी प्रात्यक्षिकासाठी ते टाचणीरावांच्या खांद्यावरून फिरवलं. कॉलरमागच्या सहाच्या सहा टाचण्या चुंबकाला जाऊन चिकटल्या. कर्नल खूश झाले. म्हणाले, "तुम्ही ठोकलेले नाही आहात."

बायकोचा सल्ला सगळ्यांत साधा होता. "अहो, नाक्यावरच्या मिस्त्रीला सोबत न्या आणि तो नको म्हणाला तर घेऊ नका." सल्ला उत्तम होता. टाचणीरावांनी त्यातला पहिला अर्धा भाग पाळला.

नाक्यावरचा मिस्त्री कमी बोलणारा माणूस. पहिली गाडी त्याने चालू करायला लावली, मागच्या नळीचा निळा धूर हुंगला आणि म्हणाला, "तेल खाते." दुसरीच्या पायाखालचा गालिचा उचलला तर खालचा रस्ता दिसला. तिसरीत बसून त्याने ब्रेक दाबला, बराच वेळ दाबत राहिला, आणि उतरताना मालकाला हात जोडले. टाचणीराव प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत. "कागद?" पहिल्याचे कागद भावाकडे होते, दुसऱ्याचे पुरात भिजले होते, तिसऱ्याने खिशातून एक घडी काढली जी उलगडताना चार ठिकाणी फाटली. टाचणीरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

चौथी गाडी ओव्हरसियरांची होती. रस्ते खात्यातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी गाठलेले, एकटेच राहणारे गृहस्थ. गाडी बावीस वर्षांची होती. रंग कधीकाळी मोतिया असावा. मिस्त्री सवयीने आडवा होऊन तिच्याखाली शिरला, आणि ओव्हरसियर आतून एक फाईल घेऊन आले.

त्या फाईलचं वर्णन टाचणीराव आजही उभं राहून करतात. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, हिरव्या दोऱ्याचे टॅग. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, तीही दोन प्रकारची, एक तारखेप्रमाणे आणि एक दुखण्याप्रमाणे. 'क्लच' पाहा नोंद १९, ५४, ९३. 'चढावर बंद पडणे' पाहा नोंद ४१, ६७, ८८. प्रत्येक नोंदीला मूळ पावती, प्रत्येक पावतीवर क्रमांक, समासात काळ्या शाईने तारीख आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एकूण नोंदी एकशे बारा. टाचणीरावांनी अधूनमधून पानं उघडून तपासली. एकही क्रमांक गळलेला नव्हता. एके ठिकाणी पावती हरवली होती, तर तिथे 'पावती हरवली, क्षमस्व' असा सहीनिशी कागद लावलेला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, कपडे झटकत त्यांना बाजूला घेऊन गेला आणि आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भाषण केलं. "साहेब, नका घेऊ. रेडिएटर झिरपतोय. सेल्फ मरायला टेकलाय. डाव्या बाजूचं पुढचं दार आतून उघडत नाही. आणि त्या फाईलवर जाऊ नका. ज्या माणसाला एकशे बारा वेळा दवाखान्यात नेलंय, त्याला कोणी धडधाकट म्हणतं का?"

"पण प्रत्येक वेळी नेलंय ना?" टाचणीराव म्हणाले. "आणि प्रत्येक वेळचा कागद आहे."

मिस्त्रीने आभाळाकडे पाहिलं. मग त्याने बिडी पेटवली आणि जाऊन पायरीवर बसला.

"बरेच येऊन गेले," ओव्हरसियर म्हणाले. "त्यांना गाडी हवी असते. फाईल रद्दीत घाला म्हणतात. माझी नजर आता गेली, परवाना मिळत नाही, म्हणून विकतोय. माझी एकच अट आहे. फाईल पुढे चालू ठेवायची. नोंद एकशे तेरा तुमच्या हाताने पडली पाहिजे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत टाचणीरावांना असा माणूस भेटला नव्हता. व्यवहार तिथल्या तिथे ठरला. किंमत किती झाली हे बायकोने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दुहेरी अनुक्रमणिका आहे."

गाडी नावावर करायला दोघं परिवहन कार्यालयात गेले, आणि इथे टाचणीरावांच्या मानी मनाला जो धक्का बसला त्याची भरपाई कुठल्याच विम्यात नाही. खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले. चाळता चाळता त्याचा अंगठा थबकला. हा थबकणारा अंगठा टाचणीराव ओळखत होते, कारण तो रोज त्यांच्याच हाताला असे.

"सही जुळत नाही," कारकून म्हणाला.

ओव्हरसियरांची बावीस वर्षांपूर्वीची सही सरळ आणि टोकदार होती. आताचा हात थरथरतो. त्यांनी पुन्हा सही केली. मग पुन्हा. कोऱ्या कागदावर चौदा सह्या झाल्या, एकही पहिलीसारखी नव्हती आणि एकीसारखी दुसरी नव्हती. म्हातारा कानकोंडा होऊन गेला.

"हे समोर उभे आहेत की," टाचणीराव म्हणाले. "यांचं ओळखपत्र आहे. माणूसच हजर आहे तर सही कशाला जुळायला हवी?"

"माणसाचं काय करू? फाईलला सही लागते," कारकून म्हणाला. "पुढच्या सोमवारी या."

हे वाक्य टाचणीरावांनी सव्वीस वर्षांत किती लोकांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. एक विधवा बाई, एक काठी टेकणारा माजी पाटबंधारे शिपाई, एक रडवेला शिक्षक असे लोक त्यांना त्या खिडकीसमोरच आठवायला लागले. असे तीन सोमवार गेले, तीन प्रतिज्ञापत्रं झाली, आणि गाडी नावावर झाली. तेव्हापासून अभिलेख कक्षात आलेल्या माणसाला ते आधी बसायला खुर्ची देतात. नियम तेच आहेत, खुर्ची तेवढी वाढली आहे.

गाडी कॉलनीत आली त्या दिवशी आई गॅलरीतून बघत होती. तिने मफलर वर धरून दाखवला. बराच झाला होता, गळ्याभोवती दोन वेढे बसतील इतका. "आता गाठ मारू?" तिने वरून विचारलं.

"मार," टाचणीराव म्हणाले, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू करून दाखवायला गेले. ती चालू झाली नाही. आईने गाठ मारली नाही.

नोंद एकशे तेरा, बॅटरी. एकशे चौदा, सेल्फ. एकशे पंधराला फॅन बेल्ट तुटला, तोही बाजाराच्या ऐन तोंडाशी, आणि मागच्या तीस वाहनांनी टाचणीरावांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. एकशे सोळाला खिडकीची काच दारात पडली आणि कर्नल ती चुंबकाने काढायला निघाले. काच चुंबकाला चिकटत नाही हे त्यांना पटायला पाऊण तास लागला, आणि पटल्यावर ते म्हणाले, म्हणजे काच अस्सल आहे. एकशे सतराला समोरच्या काकूंनी सांगितलं की गाडीला रोज थोडं फिरवलं की ती माणसाळते. टाचणीरावांनी सकाळी सहाला ती कॉलनीभोवती फिरवायला सुरुवात केली. सायलेन्सरला भोक होतं. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सूचना फलकावर विनंती लागली, त्यात नाव नव्हतं पण गाडीचा नंबर होता.

मिस्त्री येई, काम करी, आणि 'मी म्हणालो होतो' हे तोंडाने न म्हणता पान्याने म्हणे. टाचणीराव प्रत्येक पावतीला क्रमांक घालून फाईलला लावत. दर रविवारी ओव्हरसियरांचा फोन येई. "नवीन काही?" ते विचारत. टाचणीराव नोंदी वाचून दाखवत. ओव्हरसियर पलीकडून हुंकार भरत आणि कधी म्हणत, "बेल्ट? तो नोंद त्र्याण्णवच्या आसपासही तुटला होता, बघा." टाचणीराव बघत, आणि तो तुटलेला असे.

जावईबापू मधे एकदा येऊन गेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बुटाने टोचलं आणि म्हणाले, "छान आहे. म्हणजे हौस म्हणून छान आहे. वाढदिवसाला काही अडलं तर सांगा हं, तसा मला त्या दिवशी एक कार्यक्रम आहे, पण जमवू." टाचणीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बहिणीचा नवरा पडला, बोलायची सोय नाही. त्यांनी चहा घ्या म्हटलं.

मफलर दरम्यान वाढतच होता. रेडिएटरच्या आठवड्यात तो आईच्या गुडघ्यांपर्यंत आला. क्लच प्लेटच्या वेळी जमिनीला लागला. लोकर चार वेळा आणावी लागली, आणि चौथ्या वेळी दुकानदाराने विचारलं की घरात नक्की किती माणसं आहेत.

एका संध्याकाळी आक्काचा फोन झाल्यावर आई नेहमीपेक्षा गप्प होती. टाचणीरावांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "आज भांडली नाही रे. दोनदा डिवचलं तरी बरं म्हणाली. दमल्यासारखा आवाज होता." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. नाही झाली गाडी तर नाही."

पुन्हा तोच समजूतदार आवाज. टाचणीराव उठून बाल्कनीत गेले आणि खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिले. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. कागद सगळे आहेत, आणि तरीही आपण आईला नेऊ शकणार नाही असं होऊ शकतं, हे इतके दिवस त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वाढदिवस रविवारी होता. शनिवारी मिस्त्रीने गाडी परत आणून दिली आणि म्हणाला, "जाईल. चढ आला तर देवावर सोडा. मी उद्या रिकामा आहे, फोन जवळ ठेवतो." सकाळी साडेसातला जावईबापूंचा फोन आला, की कार्यक्रम पुढे गेला, येऊ का घ्यायला, दीड तासात पोचवतो. टाचणीरावांनी फोन मुकाट्याने आईकडे दिला. त्यांना स्वतःच्या तोंडून हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणण्याची हिंमत नव्हती.

"नको, जावईबापू," आई म्हणाली. "माझ्या मुलाने गाडी घेतली आहे."

फोन ठेवून ती पुढच्या सीटवर जाऊन बसली, आणि ते दार आतून नीट लागतही नाही म्हणून बायकोने ते बाहेरून लावलं. बायको मागे बसली, तिच्या मांडीवर फाईल आणि मफलर. कॉलनी गॅलरीत उभी होती. कर्नलांनी सलाम केला.

पन्नास किलोमीटर गाडी इतकी शहाण्यासारखी गेली की टाचणीराव गुणगुणायला लागले. आईने खिडकीतून दिसेल ते सगळं आक्काला सांगण्यासाठी पाठ केलं. सत्तावन्नाव्या किलोमीटरला, लाकडाच्या एका वखारीजवळ, चढ आला. गाडी अर्ध्यावर पोचली, पुढून वाफ निघाली, आणि ती थांबली. टाचणीरावांनी हँडब्रेक ओढला.

"फाईल दे," ते बायकोला म्हणाले.

चढावर बंद पडणे. नोंद ४१, शेरा: 'इंजिन तापले. बॉनेट लगेच उघडले. हात भाजला.' नोंद ६७: 'त्याच कारणाने थांबलो. बॉनेट उघडले नाही. अर्धा तास बसलो. सौ. ने तिच्या शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. गाडी आपोआप सुरू झाली.' आणि नोंद ८८, जिला पावतीच नव्हती: 'त्याच चढावर थांबलो. गाडीत बिघाड नव्हता. सौ. म्हणाली, इथे थांबू या.'

टाचणीरावांनी ती नोंद दोनदा वाचली. इतके दिवस त्यांनी क्रमांक तपासले होते, शेरे वाचलेच नव्हते. तो म्हातारा बावीस वर्षं नक्की कशाची फाईल ठेवत होता, हे त्यांना त्या चढावर कळलं, आणि फोनवर आपण त्याला नुसते बेल्ट आणि बॅटऱ्या वाचून दाखवत होतो याची लाज वाटली.

अर्धा तास ते बसले. गाडी आपोआप सुरू झाली नाही. रेडिएटरची नळीच फाटली होती. मिस्त्री फोनवर म्हणाला, "नळी घेऊन निघतो, दोन तास धरा." आक्काचं घर पुढे तीन किलोमीटर होतं. रिक्षा दिसेना, आणि आईचे गुडघे तर शंभर पावलांतच थकत. आईने फोन लावला.

"आक्का, आम्ही वखारीच्या चढावर अडकलोय. गाडी बंद पडली."

"तुझा मुलगा काहीच धड घेत नाही," पलीकडून आक्का म्हणाली. आवाज दमलेला अजिबात नव्हता. "हलू नकोस. मी येते."

"तू कशी येणार? तुला पायरी उतरवत नाही."

आक्काने फोन ठेवून दिला. हरायला लागली की ती ठेवून देते.

पाऊण तासाने चढाच्या माथ्यावर एक हातगाडी दिसली. हातगाडीवर एक लाकडी खुर्ची दोरीने बांधलेली, खुर्चीवर आक्का, घराच्या पायरीवरून खुर्चीसकट उचलून आणलेली, डोक्यावर छत्री. मागून आक्काची सून हातगाडी धरून होती, आणि पुढून वखारवाला उताराला रोखत उलटा चालत होता, कारण लाकूड पोचवायला तिच्या गल्लीत आलेली त्याची हातगाडी आक्काने हुकूम सोडून ताब्यात घेतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाट दिली. आक्का दोन्ही बाजूंना बघत होती, मान हलवत होती, आणि एकूण तिला प्रवास आवडलेला दिसला.

हातगाडी गाडीला लागली. आईला दार आतून उघडेना. ती आत काचेवर हात ठेवून बसली, आक्का बाहेरून काचेवर हात ठेवून. टाचणीरावांनी धावत येऊन बाहेरून दार उघडलं.

"बारीक झालीस," आक्का म्हणाली.

"तू जाड झालीस," आई म्हणाली, आणि दोघी रडायला लागल्या.

मग त्या मागच्या सीटवर बसल्या, आणि चार वर्षांचं जे साठलं होतं ते सुरू झालं. पितळी डबा त्यांच्या आईने दोघींपैकी कोणाला दिला होता, इथपासून. बायको आणि सून वखारीत चहा प्यायला गेल्या. दोन तासांनी मिस्त्री मोटरसायकलवर आला, दहा मिनिटांत नळी बदलली, पाणी ओतलं आणि म्हणाला, "मारा साहेब स्टार्टर." पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. टाचणीरावांनी अभिमानाने मागे वळून पाहिलं.

"बंद कर ते," आक्का म्हणाली. "काही ऐकू येत नाही."

"घरी नाही का जायचं, आक्का? केक आणलाय म्हणाली सून."

"इकडे आणा म्हणावं. मी डब्याच्या मुद्द्यावर आलेय."

टाचणीरावांनी गाडी बंद केली आणि खाली उतरून दार लावून घेतलं. बॉनेट अजून कोमट होतं. त्यावर फाईल ठेवून त्यांनी कॉलरमागची एक टाचणी काढली, मिस्त्रीची पावती नोंद एकशे चोवीसला लावली, आणि पेन उघडून शेऱ्याच्या रकान्यापाशी जरा थांबले. मग लिहिलं आणि ओव्हरसियरांना फोन लावला. रविवार होता, ते वाटच बघत होते.

"नोंद एकशे चोवीस," टाचणीराव म्हणाले. "रेडिएटरची नळी. आता शेरा वाचतो. 'गाडी सुरू झाली. आई आणि आक्का उतरायला तयार नाहीत. थांबलो.'"

मग ओव्हरसियर म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी वाचलीत वाटतं." आणि घसा खाकरून म्हणाले, "अक्षर स्वच्छ ठेवा. पुढे कोणीतरी वाचतं."

फोन खिशात टाकून टाचणीरावांनी आत पाहिलं. तो मफलर आईने अखेर उलगडला होता. आक्काच्या खांद्यावरून निघून तो दोघींच्या मांड्यांवरून आईच्या खांद्यापर्यंत येत होता, आणि दोन्ही टोकं पायांशी पडलेली होती. आक्का त्याची लांबी न्याहाळत होती.

"हा मफलर आहे?" ती म्हणाली. "एवढा कोणासाठी विणलास?"

"तुझ्या एकटीसाठीच," आई म्हणाली. "गाडी वेळेवर दुरुस्त झाली असती तर एकटीपुरताच झाला असता."